नदीचा तुकडा

सकाळी दहाच्या सुमाराला किसनराव गोठ्याकडे गेले, तर भिंतीवर एक बाई चिकटवलेली. दोन हात उंच, हातात भाला, अंगावर बिबट्याचं कातडं. तेही बिबट्या लहानपणीच मेला असावा इतपतच. खाली मोठ्या अक्षरांत 'वनसुंदरी का पतन ऊर्फ नौजवान होशियार', त्याखाली 'फक्त प्रौढांसाठी', आणि सगळ्यांत खाली 'पिंपळगाव राजाचे मा. सरपंच किसनराव यांच्या परवानगीने'.

एरवी किसनरावांनी ते पोस्टर सावकाश पाहिलं असतं. पण आज दहाच्या मोटारीने रोहिणखेडचे नारायणराव सपत्नीक किसनरावांच्या मुलीला, कोकिळेला पाहायला येणार होते. त्यांचा मुलगा बबन मोताळ्याला ग्रामसेवक होता. कोकिळेने त्याला मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं आणि तिला तो आवडला होता. या आधीच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. पहिल्या वेळी किसनरावांच्या बैलाने मुलाच्या मामाला उचललं, आणि दुसऱ्या वेळी किसनराव निवडणुकीवर बोलले.

"बाबा," कोकिळेने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "ही तिसरी बारी हाय. उद्या बैल दूर बांधा, अन् तुमी कमी बोला. ही सोयरीक मोडली तर मी पुन्हा कोनासमोर शिऱ्याची बशी घेऊन यायची नाई."

अडचण अशी, की नारायणराव म्हणजे कडक माणूस. त्यांनी गावातला तमाशा बंद पाडला होता. न्हाव्याच्या दुकानातली कॅलेंडरं उतरवून तिथे गांडूळखताचा तक्ता लावायला लावला होता. अशा माणसाची मोटारीतून उतरल्यावर पहिली भेट या बाईशी होणार होती.

किसनरावांनी कोपरा धरून पोस्टर ओढलं. पण तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या पुंजाजी टुरिंगवाल्याची खळ मोठी जबर. ओढलं तेवढं बाईचं डोकं आणि भाला निघून आला. भिंतीवर उरलं ते नेमकं नको तेवढं. किसनराव शेणाचा पो घेऊन ते सारवायला निघाले आणि मागे आवाज आला, "रामराम."

नारायणराव पांढरंशुभ्र धोतर सावरून उभे होते. शेजारी सत्यभामाबाई, हातात पिशवी. मोटार त्या दिवशी वेळेवर आली होती, जे त्या रस्त्यावर कधी होत नसे.

"हे काय हाय, किसनराव?"

"शिकवनीचा सिनेमा हाय, पाहुणे." शेण हातातच राहिलं. "माणूस वाईट मार्गाले लागला का त्याचं काय होते, ते दाखवते. आजकालचे पोट्टे बिघडून राह्यले ना. म्हून मीच म्हटलं, गावाले दाखवा."

"कातडं नेसून?"

"ते पतनाच्या आधीचं हाय."

नारायणरावांनी उरलेल्या बाईकडे बराच वेळ पाहिलं. "तुमी म्हन्ता तसा असंन तर चांगलंच हाय. मी आधी तो सिनेमा पाह्यतो. ज्या घरचा सरपंच असल्याले परवानगी देते, त्या घरची पोरगी करायची का नाई, ते मंग ठरवू."

सत्यभामाबाई सरळ आत गेल्या.

दारामागून कोकिळेने सगळं ऐकलं होतं. तिने बापाकडे असं पाहिलं, की किसनराव हात न धुताच जत्रेच्या मैदानाकडे पळाले.

पुंजाजी तंबूच्या सावलीत इंजिनाला तेल घालत बसला होता. वऱ्हाडातल्या जत्रा करत फिरणारा हा माणूस. त्याच्याकडे एकच सिनेमा चांगला चालत असे, तो हा. सिनेमा काळा-पांढरा, पोस्टर मात्र रंगीत, आणि पोस्टरवरचं निम्मं सिनेमात नाही. लोक पोस्टर पाहून आत येत, बाहेर पडताना पुंजाजीला शिव्या देत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. काल आपली मान वळली तेव्हाच ते निघून गेलं असावं, असं प्रत्येकाला वाटे.

"पुंजाजी, त्यातलं वाईट वाईट सगळं काप. दोन घंट्यात. माह्या गोदामात दाखवायचा हाय."

"सरपंच, कापू काय?" पुंजाजी शांतपणे म्हणाला. "दहा-अकरा वर्षं झाली, ज्या गावाले जातो तिथला एक तरी मोठा माणूस येते. कोनी मास्तर, कोनी जमादार. म्हन्ते, तक्रार करायची हाय, नमुना दे. अन् तुकडा कापून नेते. तुमी नदीचा शीन पाहा. बाई पान्यात एक पाय टाकते, अन् लगेच काठावर केस वायवते. मधातली आंघोळ कुठं गेली, मलेच मालूम नाई. माह्या मालकीचा हाय, पन मशीन चालवता चालवता मी ती कधी नीट पाह्यली नाई."

"तो पायही काप."

"पायही?"

"अन् नाच. अन् कातडं जिथं जिथं दिसंन ते सगळं."

पुंजाजीने कात्री घेतली. कापलेले सात तुकडे किसनरावांनी मोजून घेतले आणि कोटाच्या खिशात घातले. घरी येऊन त्यांनी बायकोला, रुक्मिणीबाईला सांगितलं, "पाहुन्याले गोदामात शिकवनीचा सिनेमा दाखवून राह्यलो. तोवर तू त्याइच्या घरच्या बाईचं पाह्य."

सरकी-कापूस विकून गोदाम रिकामं झालेलं होतं. दारं लावली की आत अंधार. पुंजाजीने पडदा बांधला, तो रोजच्या सवयीप्रमाणे गोदामाच्या बरोबर मध्ये. त्याच्या तंबूत पडद्याच्या अलीकडे पुरुष बसत आणि पलीकडे बायका; पडदा पाण्याने भिजवला की चित्र आरपार दिसे. बायकांना सगळं उजव्याचं डावं दिसायचं, पण तिकीट थोडं कमी असल्याने त्यांची तक्रार नसे. आजही त्याने सवयीनेच दोन बादल्या पाणी पडद्यावर मारलं. किसनरावांचं लक्ष नव्हतं. ते पुढचं दार घट्ट लावत होते.

सिनेमा सुरू झाला. आधी चष्मा लावलेला एक डॉक्टर आला आणि हातात छडी घेऊन नौजवानांना हिंदीत दम देऊ लागला. नारायणराव मान डोलावू लागले. मग एक हत्ती डावीकडून उजवीकडे गेला. मग एक वाघ दिसला, तो उघडच दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमातला होता, कारण त्याच्याकडे पाऊस पडत होता आणि हत्तीकडे ऊन. मग तोच हत्ती पुन्हा गेला. मग डॉक्टर आला आणि म्हणाला की पाहिलंत, पापाचा परिणाम काय झाला. मग पांढरं लुगडं नेसलेली एक बाई देवळाच्या पायरीवर डोकं टेकून रडली आणि सिनेमा संपला. सगळा मिळून अर्धा तास.

किसनरावांनी सुस्कारा सोडला. "झालं पाहुणे. पाह्यलं ना, किती सोज्वळ हाय ते? आता पोरगी पाहू."

नारायणराव जागचे हलले नाहीत.

"किसनराव, ते बाई रडली काऊन?"

"पस्तावा झाला तिले."

"कशाचा?"

किसनरावांनी पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी मशीन पुसत होता.

"पतन कुठं हाय यात?" नारायणराव गंभीरपणे म्हणाले. "माणूस पडलेला दिसला तर बाकीचे सावध होतीन ना. हे तर नुसती रडून राह्यली. अशानं नौजवानाले शिकवन काय भेटंन? मले तर हे अर्धवट वाटून राह्यलं. अन् अर्धवट काम करनाऱ्या घरी मी सोयरीक करत नाई."

आता आली का पंचाईत. वाईट दाखवलं तर सोयरीक मोडणार होती, न दाखवलं तरी मोडत होती. किसनरावांनी डोळे मिटून कोकिळेची शिऱ्याची बशी आठवली आणि खिशात हात घातला.

"थोडे तुकडे हायेत. मीच काढले होते, बायामाणसाच्या लाजेखातर."

"इथं कोन बायामाणसं हायेत?" नारायणराव म्हणाले. "जोडा."

पुंजाजीने तुकडे जोडले. पण कोणता कुठला, हे गोदामाच्या अंधारात कळायला मार्ग नव्हता आणि नारायणराव तर घाई करत होते. सिनेमा पुन्हा लागला. या खेपेला बाई आधी देवळात रडली आणि मग मद्याच्या प्याल्याभोवती नाचली. डॉक्टरने छडी उचलून तक्त्यावर टेकवली, तर छडीच्या टोकाला वनसुंदरी कातड्यासकट उभी. हत्ती उलटा, पाठीमागे चालत गेला. नारायणराव खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. त्यांची टोपी थोडी तिरपी झाली होती.

मग नदी आली. बाई काठावर थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पाण्यात एक पाय टाकला. आणि लगेच काठावर बसून केस वाळवू लागली.

नारायणराव ताडकन उभे राहिले. "थांबवा. इथं कमी हाय."

"नाई जी," पुंजाजी म्हणाला, "सातही तुकडे जोडले मी."

"कमी हाय म्हन्तो ना. इथं ते पूर्ण पान्यात उतरते. त्या मोठ्या दगडाच्या मांगून."

किसनराव नारायणरावांकडे पाहू लागले. पुंजाजीही मशीन सोडून त्यांच्याकडे पाहू लागला, आणि त्याची नजर हळूहळू बारीक झाली. कडक पांढरं धोतर, कानावर तीळ. हा माणूस आपण कुठेतरी पाहिला आहे.

"तुमाले कसं मालूम?" किसनरावांनी विचारलं. ते कमी बोलायचं विसरले होते.

नारायणराव काही बोलणार, एवढ्यात पडद्याच्या पलीकडून, अगदी नदीतून आल्यासारखा, बाईमाणसाचा आवाज आला.

"अवो, खाली बसा आता."

पुंजाजीने पडद्याचं टोक उचललं. पलीकडे सतरंजीवर सत्यभामाबाई बसल्या होत्या. शेजारी रुक्मिणीबाई, त्यांच्यामागे कोकिळा, आणि मध्ये शिऱ्याच्या तीन रिकाम्या बशा. गोदामाचं मागचं दार घराच्या अंगणात उघडत होतं.

"तू इथं काऊन आली?" किसनराव बायकोवर ओरडले.

"तुमीच तर म्हटलं का शिकवनीचा हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पाहुनीनबाईले एकट्या घरात कायले बसवू? आमी पयल्यापासून पाहून राह्यलो."

सत्यभामाबाई नवऱ्याकडेच पाहत होत्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसा होता.

"अकोल्याले कापूस घेऊन गेलते तुमी, आपला बबन चौदाचा होता तवा. तीन दिवस भाव नाई म्हून थांबलो म्हने. आले तवा कोपरीच्या खिशात फिलमचा तुकडा होता. मी पुसलं तर म्हने, तक्रार करायची हाय सरकारात, नमुना हाय तो. मी उजेडाले धरून पाह्यला. हेच बाई, अन् हाच दगड. अकरा वर्षं झाले त्याले. तक्रार काही गेली नाई अजून."

नारायणराव खाली बसले.

"कुठं हाय तो?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "मले वाटलं हरपला."

"माह्या ट्रंकेत हाय. कुंकवाच्या डबीखाली." सत्यभामाबाई उठल्या आणि पदर सावरून किसनरावांकडे वळल्या. "इवाई, पोरगी आमाले पसंत हाय. हत्ती दुसऱ्यांदा गेला ना, तवाच आमी दोघींनी इकडे ठरवून टाकलं. तिच्या हातचा शिरा चांगला हाय, अन् हसते कमी बोलते कमी. आमच्या घरी बोलनारे पुष्कळ हायेत. चैताच्या शेवटी साखरपुडा करू. याइचं काही म्हननं नाई."

नारायणरावांचं खरंच काही म्हणणं नव्हतं. कोकिळा पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे पाहण्याची त्यांना हिंमत झाली नाही. कोकिळेला त्यांची दया आली आणि तिने मनातल्या मनात ठरवलं की सासऱ्याला कधी टोचून बोलायचं नाही. गोठ्यावरचं उरलेलं पोस्टर तिने त्याच दुपारी स्वतः शेणाने सारवून टाकलं.

साखरपुड्याला सत्यभामाबाईंनी तो तुकडा आणला आणि पुंजाजीच्या हातात ठेवला. "घे बाबा, ज्याचं त्याले." पुंजाजीचे डोळे भरून आले. त्याने त्याच संध्याकाळी नांदुऱ्याला तंबू ठोकला आणि गावभर दवंडी दिली की वनसुंदरीची नदी आज पूर्ण पाहायला मिळेल. तंबूत पाय ठेवायला जागा उरली नाही. नदी आली. बाईने पाण्यात पाय टाकला, मोठ्या दगडामागे गेली, गुडघाभर पाण्यात उतरली, तांब्याने डोक्यावर पाणी घेतलं, कातड्यासकट, आणि बाहेर आली.

तंबूत कोणी शिटीसुद्धा वाजवली नाही. लोक उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी तंबूत अकरा माणसं होती, त्यातली चार झोपायला आलेली. तिसऱ्या दिवशी पुंजाजीने कात्री घेतली आणि नदी कापून पेटीत ठेवली. चौथ्या दिवसापासून तंबू पुन्हा भरू लागला.

आठवड्याने मोताळा मोटारीच्या कंडक्टरने पुंजाजीला एक चिठ्ठी आणून दिली. अक्षर वळणदार आणि स्वच्छ होतं. 'रा. रा. पुंजाजी यांस नारायणरावांचा रामराम. तो नमुना परत पाठवणे. तक्रार अद्याप करावयाची आहे. चिठ्ठीची वाच्यता घरी करू नये.'