आतली कडी

आमच्या संक्रमण निवासातल्या एकाही खोलीला आतून कडी नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. इमारत बांधली तेव्हा सुताराने बाहेरच्या कड्या बसवल्या आणि ‘आतल्या उद्या आणतो’ म्हणून जो गेला तो गेलाच. त्याची पुष्कळ वाट पाहून कार्यकारिणीने ठराव केला, की आतून कडी नसणं हे आपलं धोरण आहे. ‘मुक्तद्वार धोरण’ हे नाव मानद सचिव या नात्याने मीच सुचवलं. बाहेरगावच्या संस्था आता ते समजून घ्यायला येतात.

बेघर झालेल्या बायकांनी काही महिने इथे राहावं, सावरावं आणि स्वतःची भाड्याची जागा बघून निघावं, अशी योजना. बहुतेकजणी मुकाट राहतात. काजबटणवाली मात्र आली त्याच दिवशी दाराची आतली बाजू चाचपू लागली. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करते. नवऱ्याने घराबाहेर काढलं, भावाने काखा वर केल्या, तेव्हापासून बाई बसस्थानकाच्या बाकावर पिशवीचा पट्टा पायात अडकवून झोपत होती.

“मावशी, कडी कुठंय?” तिने विचारलं.

आमच्या अधीक्षिकांना मावशी म्हणायचं असा नियम आहे. न म्हणणाऱ्याला लेखी समज मिळते.

“अगं, घरच आहे हे तुझं. घरात कसली कडी?”

“घरालाच तर असते.”

या उद्धट उत्तरामुळे प्रकरण समुपदेशिकेकडे गेलं. तिने मऊ आवाजात विचारलं, “दार लावून तुम्हाला नेमकं कोणाला बाहेर ठेवायचंय?”

“सगळ्यांना.”

“सगळ्यांना?”

“हो. तुम्हालापण. राग मानू नका, पण मला एकदा गाढ झोपायचंय हो. दार ढकलून कुणी आत येणार नाही एवढं कळलं, की झोप लागेल. किती महिने झाले, डोळ्याला डोळा नाही.”

समुपदेशिकेने ‘समाजविन्मुखता, तीव्र’ असं निदान केलं. उपाय म्हणून, बाईला झोप लागते का हे मावशींनी वरचेवर खोलीत जाऊन पाहावं असं ठरलं. मावशी कर्तव्यदक्ष. बाई झोपलेली दिसली, तर हलवून विचारायच्या.

बाईने दाराला आतून खुर्ची लावली. खुर्ची मार्गातला अडथळा ठरून जप्त झाली. मग ती स्वतःच दाराला पाठ टेकून बसल्याबसल्या डुलक्या घेऊ लागली. आता बाईला काही जप्त करता येत नाही, म्हणून आम्ही दार जप्त केलं, बिजागऱ्यांसकट. पुढच्या पाहणीत तिने दाराविषयी चकार शब्द काढला नाही. मी अहवालात लिहिलं, ‘कडीचा आग्रह पूर्णपणे मावळला. लाभार्थी स्वतंत्र जीवनास सज्ज.’

सज्ज झालेल्या बाईसाठी निरोप समारंभ ठेवला. सभागृह शहरातल्या सहृदय मंडळींनी भरून गेलं होतं. ती कारखान्यातून थेट आली, केसांत धाग्यांचे तुकडे घेऊन. आमच्या अध्यक्षबाई गहिवरून म्हणाल्या, “माग गं, काय हवं ते माग. आम्ही सगळे तुझेच आहोत.”

बाईने माइक दोन्ही हातांनी धरला. “भाड्याची खोली बघतेय. पगार आहे, भाडं वेळेवर देईन. इथे कुणाची रिकामी खोली असेल तर द्या. लहान चालेल. फक्त आतून कडी लागली पाहिजे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काहींनी रुमाल काढले. टाळ्या संपल्या तरी ती तशीच उभी होती. तिला वाटलं, उत्तर यायचंय.

“आमची वरची खोली आहे खरी रिकामी,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “पण सोबत कोण असेल तुझ्या?”

“कोणी नाही. एकटीच.”

“एकटी! तसं आमचं काही नाही गं. पण शेजारी काय म्हणतील?”

शेजारी पहिल्याच रांगेत बसले होते. ते म्हणाले, तसं त्यांचंही काही नाही, पण त्यांनाही शेजारी आहेत. अशी ही अडचण रांगेरांगेने मागे सरकत गेली आणि शेवटच्या रांगेमागे भिंत होती म्हणून तिथे थांबली.

बाई सध्या मुदतवाढीवर आमच्याकडेच आहे. परवा काम करता करता पेंगली आणि बोट मशीनच्या सुईखाली गेलं. मावशी रडल्या. वाईट मलाही वाटलं, खरंच वाटलं. आम्ही ताबडतोब मदतीचं आवाहन काढलं, आणि सहृदय मंडळींनी तिच्या दाराच्या जागी लावायला पडदे पाठवले. फार सुंदर पडदे आहेत.

तुम्हीही सहृदयच दिसता, नाहीतर इथवर वाचलं नसतं. म्हणून सहज विचारतो, तुमच्याकडची ती मागची खोली सध्या कोणाकडे असते? जुनं सामान ठेवलंय म्हणता? मग राहू द्या, राहू द्या. तेवढी कडी मात्र नीट लावत चला. बंद जागा दिसली, की कुणीही आत शिरायला बघतं.