सिझरचं पायाळू

"वहिनी, मोबाइल बाहेर ठेवा. वजन हातात असताना मान वळली, की पाठ गेलीच समजा!"

किन्हवलीच्या जिममध्ये ट्रेनर विपुल हे रोज सांगायचा आणि दामिनी रोज हसण्यावारी न्यायची. अहो, बी.एस्सी. झालेली बाई! मणक्याची आकृती रंगवून मार्क घेतलेली! वजनांचा दांडा नडगीलगत, गुडघे सैल, वाकायचं ते खुब्यातून, पाठ पाटासारखी सरळ... सगळं तोंडपाठ. पण बाजूच्या बाकावर मोबाइल हवाच. त्यात व्हिडिओ कॉल, आणि कॉलमध्ये आजीजवळ खेळणारी दीड वर्षांची मनस्वी. पोर नजरेआड झालेली दामिनीला चालायचंच नाही!

जिमचा हा तास तिने सासूबाईंकडून मोठ्या मिनतवारीने मिळवला होता. गुणाबाईंची अट एकच. "काय दुखलंखुपलं, तर जिम बंद!"

त्या दिवशी दांडा झकास उचलला जात होता. तेवढ्यात मोबाइलमधल्या मनस्वीने कोंबडीचं शेपूट धरलं. कोंबडी उलटून तिच्या अंगावर आली!

"आई, कोंबडी!" दामिनी दांड्यासकट गर्रकन वळली.

कमरेत खट्ट झालं. दांडा पडला. दामिनी मात्र अर्धवट मिटलेल्या खाटेसारखी तिथेच राहिली.

गुणाबाईंनी सगळं थेट पाहिलं. मोबाइलमधून त्या जिमभर ओरडल्या, "उसण भरली गो! हलू नको! पायाळू माणसाचा पाय लागला पायजे!"

पायाळू, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो. त्याने कमरेला पाय लावला की उसण पळालीच, अशी आमच्याकडे पक्की खात्री.

"मी हाय ना पायाळू!" कोपऱ्यातून किशोर गरजला. रेड्यासारखा धिप्पाड गडी. तो बूट काढायलाही बसला!

"बूट घाल आधी!" विपुल मधे आडवा आला आणि दामिनीला तशीच वाकलेली रिक्षात घालून घरी घेऊन आला.

अंगणात चटई तयार होती. दामिनी पालथी पडताच निकाल लागला.

"जिम बंद!" गुणाबाई म्हणाल्या. "आनि पायाळू घरातच हाय. आमची मनस्वी!"

शेजारच्या गिरजाने नाक मुरडलं. "सिझरचं पायाळू चालत नाय."

"का नाय? पाय खालीच होते. डॉक्टरीण बोलली तसं."

"पण भायेर पयलं काय आलं? कोनी बघितलं?"

"दामिनी, तू सांग!"

"आई, ऑपरेशनला मधे पडदा होता हो!" दामिनी चटईतून विव्हळली.

"मावशी, पाय नको, डॉक्टर बोलवू," विपुल सांगत होता. ऐकतंय कोण? गुणाबाई चटईच्या अलीकडे, मनस्वी पलीकडे. त्या मधल्या दामिनीवरून ओणव्या झाल्या, हात लांब केले आणि पोरीला उचललं.

"आई, पाठ गोल होतेय! गुडघे वाकवा! पोर अंगाशी घ्या!" दामिनी खालून ओरडली.

"मला शिकवतेस? आमी भाताच्या गोनी उचलल्यात..."

मनस्वीने हवेत एक झकास लाथ झाडली आणि गुणाबाईंच्या कमरेतही खट्ट झालं.

"गो बाय माझे!"

विपुलने पोर वरच्यावर झेलली. गुणाबाई मात्र ओणव्याच राहिल्या. दुसरी चटई आली. विपुल मनस्वीला खाली ठेवून डॉक्टरांकडे पळाला. गिरजा 'नॉर्मल डिलिव्हरीचा पायाळू' हुडकायला गेली.

अंगण शांत झालं. सासू-सून शेजारी शेजारी, तोंडं भिंतीकडे.

"आई," दामिनीने हळूच विचारलं, "आता पोर उचलणंही बंद का?"

गुणाबाई आधी नुसत्या कण्हल्या. मग चटईतून आवाज आला, "त्या विपुलला इचार, माझ्या वयाच्या बाया घेतो का."

जिम वाचलं! दामिनीला हसू फुटलं, आणि हसताच अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं.

"पण आई, आपण दोघी जिमला गेलो तर मनस्वीला कोण बघणार?"

"आता कोन बघतंय?"

दोघींनी मान वळवायचा प्रयत्न केला. वळली नाही.

"मनू?"

उत्तर नाही. आणि दीड वर्षांचं पोर गप्प असणं म्हणजे काय, ते आयांना वेगळं सांगायला नको! तेव्हा मंडळी, किन्हवलीच्या बाजूला कोणी असाल, तर हे वाचणं राहू द्या. आधी त्या अंगणात डोकावून या. पळा!