एका खेपेत पन्नास पाहुणे

आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीचं गेट मी वेगवान केलं, हे आधी अभिमानाने सांगतो! सॉफ्टवेअर माझंच. पाहुण्याचा फोटो काढला की नोंद डेटाबेसला जायची, घरच्यांना फोनवर विचारणा व्हायची आणि त्यांनी 'हो' म्हटलं की हिरवा दिवा. पण सकाळी कामवाल्या, दूधवाले, पार्सलवाले एकदमच येत आणि प्रत्येक नोंद डेटाबेसपर्यंत वेगळा हेलपाटा घाली. एकेक मिरची आणायला बाजारात जावं, तसं! मी ठरवलं, पन्नास नोंदी साठवायच्या आणि एका खेपेत पाठवायच्या. शनिवारी सकाळी रांग लोण्यासारखी वितळली. कमिटीसमोर मी छाती फुगवून म्हणालो, "आता हिरवा दिवा नसेल तर माझे पाहुणेसुद्धा आत नाहीत!"

रविवारी दुपारी माझ्या बहिणीला, शिवानीला, बघायला हेब्बाळहून पाहुणे यायचे होते. बाबांना हे स्थळ फार पसंत. पोहे भिजले, बाबा इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले, पण कोणी येईचना. मी खाली धावलो. मुलगा यशोवर्धन आणि त्याचे वडील जयसिंगराव अडकलेल्या पार्सलवाल्यांसोबत गेटबाहेर उन्हात उभे!

"प्रेमाक्का, सोडा ना यांना!" मी गेटवरच्या बाईंना म्हणालो.

"स्वल्प थांबा, सार. दिवा कुठे लागलाय? तुमचाच नियम."

भर दुपारी आणखी कोण येणार? पन्नास भरेपर्यंत खेप निघणारच नव्हती! ठरावीक वेळ झाली की असेल तेवढं पाठव, हे सॉफ्टवेअरला सांगायचंच मी विसरलो होतो. लॅपटॉप इंदिरानगरच्या ऑफिसात!

सगळं ऐकून जयसिंगरावांनी विचारलं, "किती कमी पडतायत?"

"तीसेक…"

"मग आमचेच काढा की फोटो!"

ते चष्मा लावून उभे राहिले. चष्मा काढून राहिले. रुमाल बांधून राहिले. मग यशोवर्धन, मग मी, मग पुन्हा ते. प्रेमाक्का प्रत्येक वेळी गंभीरपणे आमचा फ्लॅट नंबर टाकत होत्या. एवढ्यात शिवानी खाली आली.

"अण्णा, हे काय चाललंय?"

यशोवर्धनने तिला सांगायला सुरुवात केली, पण हसू आवरेना. दोघं झाडाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

अखेर खेप सुटली! लगेच आईचा फोन.

"अरे, तीस पाहुणे? मी पोहे सहा जणांचे भिजवलेत!"

"आई, सगळ्यांना हो म्हण!"

"मुलगा एक आणि त्याला आणायला वऱ्हाड?"

"आई, आधी हो म्हण!"

हिरवा दिवा लागला. पण कट्ट्यावरून कोणी उठेना. शिवानी तिथूनच म्हणाली, "वर फक्त पोहे खायला येतो. बघून झालंय. मला पसंत आहे!" यशोवर्धनने जोरात मान डोलावली.

लग्न ठरलं. आता बाबा प्रत्येक नातेवाइकाला सांगतात, "आमच्या अभिराजचं सॉफ्टवेअर अडकलं, म्हणून जमलं हो!"

नोकरीला इतकी वर्षं झाली, पण बाबांनी माझ्या कामाचं केलेलं हे पहिलंच कौतुक.