राजांनी मनाचे दप्तर लिहविले त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन करून, सत्यास स्मरून आणि शाईत पाणी न घालता लिहितो, ते चित्त देऊन ऐकावे.

शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, आषाढ मास. ते काळी एक राज्य होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण वंशज अद्याप आहेत आणि रागीट आहेत. तेथे हैबतराजे राज्य करीत होते. धान्य बहुत, शत्रू थोडे, आणि गावाचे वर डोंगराचे कुशीत मोठे तळे, त्यामुळे पाण्याची ददात नव्हती. ऐसे असता राजांस सकाळी उठोन उदास वाटे. राणी गोदूबाईसाहेब पुसत, "काय दुखते?" राजे म्हणत, "दुखत काहीच नाही, तेच तर कळत नाही." मग आनंदगिरी नामे गोसावी दरबारी आला आणि बोलिला की, "महाराज, नित्याचे वागणे आणि मनाची अवस्था रोज लिहावी. चाळीस दिवस भरता आयुष्य भरून येते. मात्र एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून." राजे बहुत संतोष पावले आणि कोंडो मोरेश्वर चिटणीस यांस आज्ञा जाहली की, आनंदास पिवळी शाई, शांतीस हिरवी, उदासीस काळी, आणि पाणी किती प्याले, निद्रा किती जाहली, पावले किती चालली, हेही लिहावे. मग राजे चालत आणि मागे एक हुजऱ्या पावले मोजीत चाले, आणि पावले कमी भरली की राजे भरले ताट टाकून अंगणात फेऱ्या घालीत. एके दिवशी राणीसाहेबांशी बोलता बोलता राजे मध्येच उठिले. राणीसाहेब म्हणाल्या, "कोठे निघालात?" राजे म्हणाले, "आनंद जाहला, तो विसरण्याआधी लिहून येतो." "कशाचा आनंद?" "तुमच्याशी बोलण्याचा."

मग राजांस वाटले की आपणच सुखी होणे बरे नव्हे, आणि साऱ्या रयतेने मन लिहवावे ऐसा हुकूम सुटला. जो काळे लिहवील त्याने सदरेवर येऊन गोसाव्यापुढे तीन दिवस मोठ्याने हसावे, ऐसे ठरले. त्या तळ्याचे बांधाची राखण येसाई नामे कोळीण करीत असे. तिने कारकुनास सांगितले, "बांधाचे पायथ्याशी पाणी झिरपते, माझा जीव धास्तावतो." कारकुनाने जीव धास्तावतो तेवढे काळ्या शाईने लिहिले, बांध लिहावयास रकाना नव्हता. येसाई तीन दिवस हसून माघारी गेली, तो झिरपा मनगटाएवढा जाहला होता. ती पुन्हा आली. कारकून म्हणाला, "बाई, पिवळे लिहवा आणि घरी जा." ती म्हणाली, "मी लिहवीन हो, पण पाण्यास वाचता येत नाही." तरी कारकुनाने पिवळेच लिहिले, आणि हळूहळू सारे राज्य हळदीसारखे पिवळे जाहले.

श्रावण वद्य दशमी, राजांचा एकोणचाळिसावा दिवस. येसाई चिखलाचे पायांनी थेट सदरेवर शिरली. राजे म्हणाले, "बाई, तुमचे मन कसे आहे?" ती म्हणाली, "मन बरे आहे, महाराज. बांध बरा नाही." राजांनी दप्तर उघडोन पाहिले आणि म्हणाले, "येथे तर तळ्याकडील सारे आनंदात." ती म्हणाली, "हसून हसून जबडे दुखले लोकांचे, महाराज. खरे कोण सांगेल?" गोसावी मध्ये पडोन बोलिला, "आता चित्त विचलित जाहले तर अडतीस दिवस फुकट!" राजे उठिले, आणि जोडे न घालता निघाले.

मग तीनशे माणसे बांधावर लागली आणि राजे त्यांत मातीची पाटी वाहू लागले. खालील लोहारआळी येसाईने धावत जाऊन रिकामी करविली, म्हणोन माणूस एकही गेले नाही, परंतु बांधास भगदाड पडोन सहा घरे पाण्याने नेली. एक लोहारीण वाहती चूल पाहोन मोठ्याने रडली. राजांनी तिजपुढे मान खाली घातली आणि म्हणाले, "हे माझ्याने जाहले." राजे पुन्हा पाटी घेऊन गेले. ऐसे दोन दिवस गेले, आणि तिसरे दिवशी सकाळी भगदाड बुजले. राजे चिखलातच बसले. तो चिटणीस तिन्ही दौती घेऊन हजर जाहले आणि म्हणाले, "महाराज, दोन दिवसांचे लिहिणे राहिले आहे. मनाची अवस्था काय लिहू?"

राजे म्हणाले, "भूक लागली आहे."

"भुकेस शाई नेमिली नाही, महाराज."

"तर कोरे ठेवा," ऐसे बोलोन राजे राणीसाहेबांनी आणविलेली भाकरी फोडोन येसाईचे शेजारी खाऊ लागले.

तात्पर्य इतकेच की, दप्तर बंद जाहले, लोहारआळी उंचावर वसविली, आणि राजे पुढेही कधी कधी उदास असत, तेव्हा तसे सांगत. गोसावी शेजारचे राज्यात गेला. तेथील राजा सुखी होता, तो आता लिहितो आहे ऐसे ऐकितो. पाहिले तितके लिहिले, अधिक उणे वाचणाराने सांभाळावे.