सातव्या फेरीतला घोडनवरा

ओइवा हुत्तुनेन एकविसाव्या वर्षीच म्हातारा झाला होता. केस जागेवर होते, एक सोडून सगळे दात होते, गुडघेही अजून कुरकुरत नव्हते; पण आइस हॉकीच्या निवडीच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘युरोपीय, वय उलटलेला’ असं लिहिलं होतं. समुद्रापलीकडच्या मोठ्या लीगचे क्लब दर जूनमध्ये एका सभागृहात बसतात आणि सात फेऱ्यांमध्ये जगभरातल्या पोरांची नावं पुकारतात. अठराव्या वर्षी नाव आलं तर पोरगा हिरा. एकोणिसाव्याला आलं तर ठीक. विसाव्याला लोक विचारतात, आधी कुणी का घेतला नाही, काही दोष आहे का? एकविसावं हे युरोपातल्या पोरांसाठी शेवटचं. त्यानंतर नाव यादीतूनच जातं. थोडक्यात, ओइवा घोडनवरा होता आणि आज शनिवारी संध्याकाळी त्याचा शेवटचा मुहूर्त होता.

पहिल्या वर्षी तळ्याकाठच्या त्यांच्या लाकडी घरात बत्तीस माणसं जमली होती. आईने स्ट्रॉबेरीचा केक करून त्यावर क्रीमने स्केट काढले होते. सात फेऱ्या झाल्या, नाव आलं नाही, लोक केक खाऊन, हवेबद्दल दोन शब्द बोलून निघून गेले. दुसऱ्या वर्षी अकरा आले. तिसऱ्या वर्षी आईबाबा आणि एक चुलतभाऊ. त्याला वाटलं होतं वाढदिवस आहे. यंदा आईने सांगितलं की ओउलूच्या मावशीचा पाय दुखतोय, तेव्हा युहान्नुसच्या, ऐन उन्हाळ्यातल्या सणाला आम्ही दोघं तिकडेच जातो. मावशीचा पाय नऊ वर्षं दुखत होता. ओइवा जा म्हणाला. केक फ्रीजमध्ये आहे, असं आईने गाडीत बसता बसता सांगितलं. यंदा केकवर काहीही काढलेलं नव्हतं.

गुरुवारी वेन लाक्सोचा फोन आला होता. लाक्सो कॅनडातल्या थंडर बे गावचा. एका क्लबासाठी युरोपभर पोरं हुडकत फिरायचा. त्याची आजी फिनलंडची, त्यामुळे तो आजीच्या काळातलं फिनिश बोलायचा आणि फोनवर आपल्याशी कुणाची तरी पणजी बोलत्येय असं वाटायचं. तीन वर्षं तो ओइवाला एकच प्रश्न विचारत होता: तुझ्यात चांगलं काय आहे? पहिल्या वर्षी ओइवाने विचार करून सांगितलं, मी वेळेवर येतो. दुसऱ्या वर्षी म्हणाला, माझ्यापेक्षा तो कोर्पेला चांगला आहे. तिसऱ्या वर्षी त्याने आणखी दोघांची नावं दिली, दुसऱ्याचा पत्ताही दिला. यात त्याला काही विशेष वाटलं नाही. चांगल्या घरातला कुठलाही मुलगा हेच करतो.

“तू सांगितलेली तिन्ही पोरं आम्ही घेतली,” लाक्सो गुरुवारी म्हणाला. “तिन्ही चांगली निघाली. आता आमचे मोठे साहेब विचारतात, हा सांगणारा कोण आहे? सातव्या फेरीच्या आधी मी फोन करीन. साहेब ऐकत असतील. या खेपेला कृपा करून स्वतःबद्दल बोल रे बाळा. तीन वाक्यं. तीनच.”

ओइवाने तीन वाक्यं लिहून काढली. एक, उलटं स्केटिंग करताना माझ्यासारखा बचावपटू या देशात नाही. दोन, माझा पहिला पास बघायला लोकांनी तिकीट काढावं. तीन, मी कुणाला घाबरत नाही. लिहायला दोन दिवस लागले. म्हणायला त्याहून कठीण गेलं. स्वयंपाकघरात तो पहिल्या वाक्याच्या अर्ध्यावर पोचला, तेवढ्यात भिंतीवरच्या फोटोतल्या आजोबांशी नजरानजर झाली. सॉनात, वाफेच्या न्हाणीघरात जाऊन बघितलं, पण तिथल्या बाकावर चार पिढ्या उघड्या बसून गेलेल्या. तिथे फुशारकी मारायला जीभ रेटेना. शेवटी लॅपटॉपवर निवड चालू ठेवून, फोन खिशात घालून तो तळ्यातल्या लाकडी धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. समोर पाणी, वर न बुडणारा सूर्य, आसपास चिटपाखरू नाही. घरात पाचवी फेरी चालली होती. हा सराव सोडला तर गेल्या तीन दिवसांत तो एकूण सहा शब्द बोलला होता आणि त्यातले चार दुकानात.

“उलटं स्केटिंग करताना माझ्यासारखा बचावपटू या देशात नाही,” तो पुटपुटला. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. मग तो जरा मोठ्याने म्हणाला. मग आणखी मोठ्याने. सातव्या-आठव्या वेळेला गळा मोकळा झाला आणि त्याला चक्क बरं वाटू लागलं.

वारा पडला की तळ्यावरून आवाज कसा जातो हे ओइवाला लहानपणापासून माहीत होतं. त्या घडीला आठवलं नाही, इतकंच. पलीकडच्या काठावर सणाची होळी पेटवून सातजण सॉसेज भाजत बसले होते. त्यांच्या कानावर स्पष्ट आलं की लोकांनी तिकीट काढावं.

सातांमध्ये तेर्तू म्हणून एक निवृत्त नर्स होती. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना तिने टोचलेलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना ओरडलेलं. तिने सॉसेज खाली ठेवलं. या तळ्यावर आजवर स्वतःची स्तुती मोठ्याने फक्त एकाने केली होती, तीही एका माशाच्या बाबतीत, आणि तो पुढे स्वीडनला निघून गेला. तेर्तूचा नवरा उंतो म्हणाला की पोरगा प्यायला असेल. तेर्तू म्हणाली, प्यायलेला माणूस रडतो किंवा गातो. हे वेगळं आहे. तेवढ्यात पाण्यावरून आलं, ‘मी कुणाला घाबरत नाही.’ सातही जण उठले. दोन होड्या निघाल्या. एकीत रक्तदाब मोजायचं यंत्र होतं.

होड्या धक्क्याला लागल्या तेव्हा ओइवा तिसऱ्या वाक्यावर शेवटचा हात फिरवत होता.

“एकटाच आहेस का रे?” तेर्तूने विचारलं.

“हो, मावशी.”

“आईबाबा?”

“ओउलूला. तिकडच्या मावशीचा पाय दुखतोय.”

तेर्तूने उंतोकडे बघितलं. मग तिने अगदी सहज, हवापाणी विचारावं तसं विचारलं की हे कुणाशी बोलणं चाललं होतं. ओइवाला खोटं बोलता येत नसे. त्याने सांगून टाकलं की सराव चाललाय, थोड्याच वेळात समुद्रापलीकडून फोन येणार आहे, तिथले मोठे साहेब स्वतः ऐकणार आहेत. हे सांगताना आपल्याच कानाला ते कसं लागतंय हे त्याला कळलं, पण उशीर झाला होता. उंतोने टोपी काढून हातात घेतली.

पुढचं फार मायेने झालं. दोघांनी त्याला धरून पायरीवर बसवलं. एकाने अंगावर घोंगडी टाकली. बाहेर चोवीस अंश होतं. तेर्तूने दंडाला पट्टा बांधला, तोंडात थर्मामीटर दिला आणि ओठ मिटून ठेव म्हणून दटावलं. ओइवाने सुटायची धडपड केली नाही, कारण गेल्या तीन दिवसांत त्याला कुणी हात लावलेला नव्हता आणि तेर्तूचा तळवा ऊबदार होता. हे त्याने नंतर स्वतःशीही कबूल केलं नाही. फोन उंतोने हळूच काढून घेतला. पेशंटजवळ अशा वस्तू नसलेल्या बऱ्या.

फोन वाजला. ओइवाने थर्मामीटरसकट मान हलवली, डोळे मोठे केले, हात पुढे केला. दाब एकदम वर गेल्याचं तेर्तूने नोंदवलं. उंतोने फोन उचलला.

“नाही, मी शेजारी बोलतोय,” तो म्हणाला. “त्याला आत्ता बोलता येणार नाही. बरं नाही त्याला.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “तसं अंगात ताप नाही. भ्रम झालाय. आपल्यासारखा बचावपटू देशात नाही म्हणतो.” पुन्हा काहीतरी. उंतोने आवाज खाली आणला. “तेच तर. म्हणतो, अमेरिकेहून फोन येणार आहे. तुम्ही कोण, आजीबाई? बरं. सावकाश सांगू त्याला.”

त्याने फोन ठेवला आणि सांगितलं की कुणीतरी जुन्या वळणाची बाई होती, आवाज पुरुषी होता, फार काळजीत पडली बिचारी.

ओइवाने थर्मामीटर काढला. घरातून लॅपटॉपचा आवाज येत होता. सातवी फेरी. लाक्सोच्या क्लबाने नाव पुकारलं, ते लॅटव्हियाच्या कुठल्याशा पोराचं होतं. टाळ्या झाल्या. मग उरलेल्या क्लबांनी उरलेली नावं घेतली आणि कुणीतरी आभार मानले. ओइवा हुत्तुनेनचं नाव पुकारलं जायचं वय तिथे पायरीवर, घोंगडीत, दंडाला पट्टा असताना संपलं.

त्याने सगळं समजावून सांगितलं. रागावून नाही, रागवायची सवय नव्हती. सातजण धक्क्यावर उभे राहून आपापल्या बुटांकडे बघत होते.

“म्हणजे ती खरंच अमेरिका होती,” उंतो म्हणाला.

“कॅनडा,” ओइवा म्हणाला.

“मग थोडं बरं,” उंतो म्हणाला. पण ते कुणालाच पटलं नाही, त्यालाही नाही. तेर्तूने पट्टा सोडून त्याची घडी घातली, मग पुन्हा उलगडून पुन्हा घातली. तिला चाळीस वर्षांत माफी मागायची वेळ आली नव्हती आणि त्याची हत्यारं कुठे ठेवलीत ते सापडत नव्हतं.

तेव्हा फोन पुन्हा वाजला. या वेळी उंतोने तो निखारा असल्यासारखा ओइवाकडे दिला.

“ताप किती?” लाक्सोने विचारलं.

ओइवाने छत्तीस पॉइंट सहा सांगितलं आणि झालेला घोळही सांगितला. पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं, ते साहेब असावेत. मग लाक्सो म्हणाला की नीट ऐक, तुला कुणीच घेतलं नाही ही आता चांगली बातमी आहे. तुझं वय उलटलं, यादीतून नाव गेलं. आता तुझ्यावर कुठल्याच क्लबाचा हक्क नाही. कुणीही बोलवावं, तू कुठेही जावंस. सप्टेंबरात सरावाची शिबिरं आहेत. साहेब अजून लाइनवर आहेत, त्यांचं विमान आहे, त्यांना अर्धं मिनिट आहे. “बोल बाळा. तीन वाक्यं.”

ओइवाने तोंड उघडलं. समोर सातजण उभे होते. त्यांतल्या एकाने त्याला सायकल शिकवली होती, एकीने शाळेत दूध वाढलं होतं. एवढ्या सगळ्यांदेखत, सूर्य वर असताना, स्वतःबद्दल. त्याने तोंड पुन्हा मिटलं.

तेर्तूने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. तिने कडेला जाऊन बूट काढले.

“पाण्यात उतरा,” ती बाकीच्यांना म्हणाली. “डोकी खाली घाला.”

“सणाचा शर्ट आहे,” उंतो म्हणाला.

“शर्टासकट.”

सातही जण एकामागून एक तळ्यात उतरले, कमरेइतक्या पाण्यात रांगेत उभे राहिले, नाकं धरली आणि दिसेनासे झाले. पाण्यावर उंतोची टोपी राहिली. तळं पुन्हा जसंच्या तसं झालं, जणू या जगात कुणीच नव्हतं आणि ओइवाला आयुष्यात पहिल्यांदा त्या एकटेपणाचा उपयोग झाला. त्याने एका दमात तिन्ही वाक्यं म्हणून टाकली. दम उरला होता म्हणून चौथंही म्हटलं, आयत्या वेळी सुचलेलं. साहेबांनी लाक्सोला काहीतरी विचारलं. लाक्सोने सप्टेंबरची तारीख सांगितली आणि फोन बंद झाला.

डोकी वर आली. खोकत, फुरफुरत, केसांतलं शेवाळ काढत सगळे धक्क्यावर चढले. ओइवा एवढंच म्हणाला की सप्टेंबरात जायचंय. उंतोने मान डोलावून सांगितलं की पाणी यंदा बरंच ऊबदार आहे. मग ते होड्यांत बसले आणि वल्ही पाण्यात पडली.

“आम्ही काही ऐकलेलं नाही,” कुणी न विचारताच तेर्तू होडीतून म्हणाली. होडी चार हात पुढे गेली, तशी ती पुन्हा वळली. “ते चौथं वाक्य मात्र जरा जास्तच झालं, ओइवा.”