निब बसली

“घेणार आहेस की नाही, एकदाचं सांगून टाक,” ताई म्हणाली.

“बघू,” तो म्हणाला.

हे त्याचं नेहमीचं उत्तर. इतकं नेहमीचं, की घरात त्याचं नावच ‘बघू’ पडलं होतं. चष्म्याची फ्रेम असो, पडद्याचा रंग असो की भाजी कुठली आणायची असो, त्याचं ‘बघू’ ठरलेलं. ताईच्या मते त्याला निर्णय घेता येत नव्हता. त्याच्या मते लोकच पुरेशी माहिती हातात येण्याआधी निर्णय घेऊन मोकळे होत होते, आणि याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

या वेळी प्रश्न पेनाचा होता. तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचा आणि नुकताच त्याला अहवालांवर सही करायचा अधिकार मिळाला होता. पहिली सही त्यानं काउंटरवरच्या, दोरीला बांधलेल्या बॉलपेनानं केली. दोरी आखूड पडली आणि सहीचं शेवटचं अक्षर कागदापर्यंत पोचलंच नाही. त्या संध्याकाळी घरी येताना तो पेनांच्या दुकानापुढे थांबला. काचेआड गर्द हिरवं, सोनेरी निबेचं एक शाईचं पेन मखमलीवर पहुडलं होतं. त्यानं ते हातात घेतलं, किंमत विचारली आणि झोपलेलं मूल ठेवावं तसं हळूच परत ठेवलं.

दुकानदारकाका गिऱ्हाइकाच्या मागे लागणाऱ्यांतले नव्हते. “घरी घेऊन जा,” ते म्हणाले. “समोरच्याच गल्लीत राहता, पळून कुठे जाणार? आठवडाभर लिहा. शाईच्या पेनाचं असं असतं, निब हाताला बसावी लागते. बसली की फोन करा, पेन तुमचं. नाही बसली तर आणून द्या, मी काही म्हणणार नाही.”

“पण बसली हे कळणार कसं?”

“कळतं,” काका म्हणाले.

हे उत्तर त्याला मुळीच पटलं नाही. ‘कळतं’ या मापानं प्रयोगशाळेत पाण्याचा एक थेंबही पास झाला नसता.

घरी त्यानं पानंच्या पानं लिहून काढली. पेन आवडत होतं. पण आवडतंय ते पेन, की त्याची किंमत? एवढी महागडी वस्तू हातात असताना कुणालाही आपलं अक्षर सुधारल्यासारखं वाटणारच. ही शंका एकदा मनात शिरल्यावर त्याला झोप गोड लागेना. शेवटी रविवारी दुपारी त्यानं रीतसर प्रयोगच मांडला. तीन पेनं घेतली, तिन्ही शाईची: एक हे हिरवं, एक त्याचं शाळेतलं, एक ताईला ऑफिसात भेट मिळालेलं. नुसत्या स्पर्शानं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यानं तिन्ही पेनांना निबेपर्यंत बँडेज गुंडाळून सारखं जाड केलं आणि हलक्या पेनांच्या आत छोटे छर्रे भरून वजनं जुळवली.

“अपघात झाल्यासारखी दिसताहेत,” ताई म्हणाली.

“तू फक्त एकेक हातात दे. कुठलं ते सांगायचं नाही. मी एकच वाक्य लिहीन आणि गुण देईन.” मग त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल घट्ट बांधला.

ताईनं पेनांना क, ख, ग अशी नावं देऊन प्रत्येकाला दिलेले गुण मनात ठेवले. काम रंगात आलं आणि दाराची बेल वाजली. ताईच्या हातात त्या वेळी ‘ग’ होतं. ते तिनं शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि दार उघडायला गेली. त्यानं रुमाल सोडला नाही, कारण पेनं दिसली असती तर केलेलं सगळं फुकट गेलं असतं.

आत्या आली होती. ती शाळेत खेळ शिकवायची आणि तरुणपणी तिनं गोळाफेकीत नाव काढलं होतं. कुठल्याही घरात ती खुर्चीकडे न बघता बसायची, खुर्चीनं आपलं आपण बघून घ्यावं अशा थाटात.

“हा असा का? डोळे आलेत की काय?”

“प्रयोग चाललाय, आत्या.”

“चालू दे,” आत्या म्हणाली.

बारीकसा आवाज झाला.

“काय झालं?” त्यानं रुमालाआडून विचारलं.

“बसली,” ताई खोल गेलेल्या आवाजात म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. “निब?”

“आत्या.”

“मला काहीतरी टोचतंय इथे,” आत्या म्हणाली आणि उठली. तिच्या कपड्यांवर नाण्याएवढा निळा डाग उमटला होता.

“झाली आत्याची सही,” ताई म्हणाली.

त्यानं रुमाल ओढून काढला. बँडेज सोडलं. एकेक वेटोळं सुटत गेलं, आणि शेवटी दिसला तो हिरवाच रंग. निब मोडली नव्हती, पण डावीकडे किंचित वळली होती, मान फिरवून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

पेन त्याचं नव्हतं. काकांनी विश्वासानं दिलेलं होतं. यावर ‘बघू’ म्हणायची सोय नव्हती. त्यानं लगेच फोन लावला.

“काका, मी बोलतोय. हिरवं पेन नेलेला. ती... ती बसली.”

“बसली? इतक्यात?” काकांचा आवाज फुलला. “लोकांना महिना महिना लागतो हो.”

“एका झटक्यात बसली, काका.”

“म्हणजे दाब चांगला पडला असणार.”

“सगळाच्या सगळा पडला.”

“सुरुवातीला जरा टोचली असेल?”

“हो, तीच म्हणाली तसं.”

“कोण?”

“आत्या.”

“आत्यांनीही घेतलं? वा, वा. घरातल्या सगळ्यांना पसंत म्हणजे प्रश्नच मिटला.”

“हातात नाही घेतलं, काका, ती...” पण काका आता दुकानातल्या दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. “नाही साहेब, ते हिरवं गेलं. त्यांना बसली.” आणि फोन बंद झाला.

“धडधडीत खोटं बोललास,” ताई म्हणाली.

“एक शब्दही खोटा नव्हता,” तो म्हणाला, आणि हेच त्याला जास्त लागलं.

“मी येते उद्या दुकानात,” आत्या म्हणाली. “मी बसले, मी सांगते. तुझा त्यात काय दोष?”

“नको. मीच सांगतो. पण निदान नुकसान किती झालंय ते मोजून जातो.”

नुकसान मोजायला त्यानं कागद ओढला, पेन टेकवलं आणि एक ओळ लिहिली. मग आणखी एक. मग तो कागदाकडे बघतच राहिला. पेन कागदावरून असं चाललं होतं, जणू त्याला पुढचं वाक्य आधीपासून माहीत होतं.

“ताई, पुन्हा बँडेज.”

“वेडा झालास का?”

“महाग असल्यामुळे नाही, तर आता पश्चात्तापामुळे आवडत असेल. बांध.”

सगळा प्रयोग पुन्हा झाला. आत्या या वेळी उभी राहिली, तिला कुणी बसूच दिलं नाही. रुमाल सोडल्यावर ताईनं निकाल सांगितला. ‘ग’ सगळ्यांच्या वर होतं.

“आणि आधीच्या वेळी?”

“आधी सगळ्यांच्या खाली. तुझ्या शाळेतल्या पेनाच्याही खाली. म्हणजे आत्या बसायच्या आधी तुला हे पेन आवडतच नव्हतं. आवडतंय असं फक्त वाटत होतं.”

तो आपल्या हाताकडे बघू लागला. लहानपणापासून तो पेन डावीकडे कलंडवून धरायचा. निबही आता नेमकी तिकडेच कलली होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी पेन हसत हसत हातात घेतलं, भिंग लावलं आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

“ही बसलेली नाही,” ते म्हणाले. “हिच्यावर कुणीतरी बसलंय.”

“तेच सांगत होतो फोनवर,” तो म्हणाला, आणि रुमालापासून गोळाफेकीपर्यंत सगळं सांगून टाकलं. फोनवरचा एकेक शब्द काका आठवून बघत असावेत, कारण ‘सगळाच्या सगळा’ असं पुटपुटून ते एकदम खोकले.

“बरं, खरं बोललात,” ते म्हणाले. “निब सरळ करता येते. तासाभराचं काम. देतो करून, मग पुन्हा आठवडाभर घरी नेऊन बघा.”

पुन्हा आठवडाभर. पुन्हा बघा. याहून गोड वाक्य त्याला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

“नको,” तो म्हणाला. “असंच घेतो.”

आपण काय बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. काकांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं आणि कागदावर एक रेघ मारून पाहिली. निब करकरली, शाई मध्येच तुटली. “हे पेन घेणार तुम्ही?”

त्यानं पेन हातात घेतलं, नेहमीसारखं कलंडवलं आणि सही केली, अगदी शेवटच्या अक्षरासकट. कुठेही आवाज नाही, कुठेही खंड नाही.

काकांनी तो कागद उचलून उजेडाकडे धरला. मग काउंटरखालचा खण ओढला. आत पेनंच पेनं होती: काळी, निळी, तपकिरी, गिऱ्हाइकांनी बसली नाहीत म्हणून परत आणून दिलेली.

“एक विचारू?” काका दबक्या आवाजात म्हणाले. “तुमच्या आत्या दुपारच्या मोकळ्या असतात का?”