तोंडाळ प्रकाशन, आर्णी

छापखान्यात कुणी पुरुष स्वतःचं लिखाण घेऊन आला, की बिल्किसआपा ते बाड दोन्ही हातांत घेत, बाजारात भोपळा जोखावा तसं जरा वर-खाली करत आणि न उघडता परत देत. "चांगलंच असन," त्या म्हणत. "आता घरी जा आन बायकोचं आना."

तालुक्यातले एक पुढारी आपलं आत्मचरित्र घेऊन आले तेव्हाही हेच झालं. सोबत पाच कार्यकर्ते होते. पुढारी हसून म्हणाले, "आमच्या घरच्यायले कुठं लिवता येते, आपा?"

"बोलता तं येते ना? आनून बसवा त्या खुर्चीवर. मी घेईन लिवून."

"ते काय बोलन?"

"तेच तं आयकाचं हाय, साहेब."

पाचही कार्यकर्ते भिंतीकडे पाहू लागले. आत्मचरित्र पुढे यवतमाळला छापलं गेलं, वहिनी मात्र त्या खुर्चीवर कधी आल्या नाहीत. आपांना याची इतकी चीड आली होती, की त्या पुढाऱ्याच्या पुतण्याची लग्नपत्रिका त्यांनी तीन दिवस अडवून धरली.

माझ्या कवितांचंही असंच झालं. मी आर्णीच्या शाळेत मराठी शिकवायचो, आणि माझ्या घराची नि छापखान्याची भिंत एकच. शेजारधर्म म्हणून तरी त्या पहिलं पान उलटतील असं मला वाटलं होतं. बाड घेऊन घरी परत आलो नि बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी बोलाले बसली तं तुमाले शाळेतून काढून टाकतीन." तेव्हापासून घरात मी कवितेचा विषय काढला नाही. आपांवरचा राग मात्र बरीच वर्षं जपून ठेवला.

छापखाना आपांच्या वडिलांचा. पायानं चालवायचं यंत्र, अक्षरांचे शिशाचे खिळे, लग्नपत्रिका आणि उरुसाची पत्रकं. दारावर पाटी होती, 'कादर अँड सन्स'. कादरभाईंना मुलगाच नव्हता, एकटी बिल्किस होती. ती दहाव्या वर्षापासून खिळे जुळवत आली, आणि वडील गेल्यावर यंत्रही तिच्याच पायानं चालू राहिलं. बाहेरगावचं गिऱ्हाईक विचारी, "सन्स कुठं हायेत?" आपा हातातलं काम न सोडता म्हणत, "मीच." ती पाटी बदला म्हणून गावानं सांगून पाहिलं. आपा रोज सकाळी ओढणीच्या टोकानं पाटी पुसत आणि सांगणाऱ्याला दुकानाबाहेर काढत.

प्रकाशनाची कल्पना फ्रान्सची. हे ऐकून लोक हसतात, पण तेव्हा दुभाषा मीच होतो. कापसाची ती वाईट वर्षं. बोंड किडकं, भाव पडलेला, आणि दिल्ली-मुंबईचे कॅमेरे आमच्या वावरांतून हिंडत होते. ज्या घरात माणूस गेलेला, तिथे जाऊन बाईला सांगत, पदर जरा पुढे घ्या, इकडे पाहू नका, खाली पाहा. त्यांतल्या एका कॅमेरावाल्याला मी शाळेच्या फाटकापासून हाकलून लावलं होतं. आजही ते आठवलं की माझं तोंड कडू होतं.

त्याच वर्षांत फ्रान्सहून एक बाई कापसाचा अभ्यास करायला आली. तिला प्रश्नांचे कागद छापून हवे होते. आपांनी माझ्यामार्फत विचारलं, तुमच्याकडे छापखान्यात बाया असतात काय. माझ्या मोडक्या इंग्रजीतून उत्तर आलं ते एवढंच. पॅरिसमध्ये काही बाया एकदा फार चिडल्या, आणि त्यांनी फक्त बायांची पुस्तकं काढणारं प्रकाशन सुरू केलं. स्वतःचं दुकान टाकलं. वाचता न येणाऱ्यांसाठी, वाचायला सवड नसणाऱ्यांसाठी पुस्तकं आवाजात भरून कॅसेटी काढल्या. तेवढ्यात चहा संपला आणि बाई निघून गेली.

एवढ्या भांडवलावर आपांनी त्या प्रकाशनाचा सबंध इतिहास उभा केला. "पॅरिसमधी पयल्याच वर्षी मशीनचा पट्टा तुटला," त्या सांगत. "नवरे येऊन दारात बसले. म्हने, सयपाक कोन करन? त्या बायायनं आतून कडी लावली." मी म्हणे, आपा, हे ती बाई बोललीच नाही. आपा म्हणत, "तिनं सांगतलं नाही. पन झालंच असन." विजेचं बिल भरायला गर्दी असली तरी त्या म्हणत, "पॅरिसमधी असं चालत नाही." आयफेल टॉवरबद्दल मी एकदा सांगू लागलो, तर "ते गड्यायचं काम" म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

आर्णीत आपांना पाठीमागे 'तोंडाळ' म्हणत. प्रकाशनाचं नाव त्यांनी तेच ठेवलं. पुस्तकांवर क्रमांक टाकत, पण पहिल्याच पुस्तकावर दोन होता. एक नंबर कुठे, असं विचारलं की मात्र त्या खरोखर चिडत. मग पॅरिसही मदतीला येत नसे.

त्यांच्या बहुतेक लेखिकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाई बोलायची, आपा किंवा मी लिहून घ्यायचो. मग पान छापण्याआधी कानाचं प्रूफ, म्हणजे सगळं तिला वाचून दाखवायचं. छापखान्यात हातांची एकच खुर्ची होती, कादरभाईंची. तिच्यावर फक्त लेखिका बसायची, पुढारी असो की फौजदार, बाकी सगळे उभे. आपा स्वतः कागदाच्या गठ्ठ्यावर बसत. लेखिका डोळे मिटून ऐके, आणि शेवटी आपा दरवेळी एकच प्रश्न विचारत, "हे तूच बोलली ना?" बाईनं "मीच" म्हटलं की यंत्र सुरू होई.

गिरजाबाईचं पुस्तक आलं ते असं. आर्णीपासून दोन कोसांवर तिचं वावर. पेरणी, निंदण, वेचणी सगळं तीच करायची. नवरा देवराव पानठेल्यावर बसून शेतीवर बोलायचा. एका वर्तमानपत्राला शेतकऱ्याचा फोटो हवा होता, तेव्हा देवराव धोतर बदलून वावरात गेला आणि आभाळाकडे पाहत उभा राहिला. फोटो छापून आला. खाली मजकूर, 'चिंताग्रस्त शेतकरी आपल्या शेतात'. त्याच्या मागे पऱ्हाटीत एक वाकलेली पाठ दिसत होती, धूसर. कापूस वेचणारी गिरजाबाई. देवरावनं ते कात्रण काच लावून पानठेल्यावर टांगलं.

गिरजाबाई ते पाहून थेट आपांकडे आली. पाच दिवस दुपारी येऊन बोलत होती. पुस्तकाचं नावही तिनंच दिलं, 'फोटोतली मागची बाई'.

लिहून मी घेतलं. आणि घोटाळाही मीच केला. एका ठिकाणी ती बोलली होती, "फोटोवाला गेला आन हा मले म्हने, चेहरा चांगला आला पायजे. तवा मले वाटलं, बोंड सोडावं आन याचं नरडं धरावं." हे शेवटचं वाक्य मी पक्क्या प्रतीतून गाळलं. तिला त्याच घरात परत जायचं आहे, असा मी विचार केला. मला मी फार समंजस वाटलो.

त्यात वेचणी जोरात, गिरजाबाईला प्रुफाला येता येईना. पुढे लग्नसराई, यंत्र रिकामं मिळणार नव्हतं. मी आपांना म्हटलं, "मी वाचलं आहे सगळं, छापून टाका." आयुष्यात एकदा त्यांनी नियम मोडला, आणि तो माझ्या शब्दावर. तीनशे प्रती छापून झाल्या.

मग गिरजाबाई आली. खुर्चीवर बसली, डोळे मिटले. मी वाचू लागलो. त्या पानावर आल्यावर तिनं डोळे उघडले.

"इथं माहा राग होता," ती म्हणाली. "कुठं गेला?"

मी काय केलं ते सांगितलं. का केलं तेही सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "घरी कोन जाते मास्तर, तुमी का मी? मंग तुमी काहून भेले?"

आपा गठ्ठ्यावरून उठल्या. मी त्यांना चिडलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण एरवी त्यांचा राग मोठ्या आवाजाचा असे. आज आवाज अगदी खाली आला होता.

"मास्तर, हिचं वावर नवऱ्यानं घेतलं. हिचा फोटो पेपरवाल्यानं घेतला. एक राग राह्यलता हिच्यापाशी. तो तुमी घेतला. शिकल्या-सवरल्या मानसानं."

कागद पुन्हा मिळणार नव्हता. आपांनी माझ्यासमोर तीनशे प्रती आणि एक पेन ठेवलं. गाळलेलं वाक्य प्रत्येक प्रतीत, त्याच पानाच्या समासात, मी माझ्या हातानं लिहायचं. शाळा सुटल्यावर आठवडाभर मी तेच करत होतो. पहिल्या पन्नास प्रतींत माझं अक्षर फळ्यावर काढतो तसं सुबक आहे. शंभरनंतर बोटं आखडली. दीडशेच्या पुढे मला खरोखर देवरावचा राग येऊ लागला, मग त्या फोटोवाल्याचा, मग आमच्या शाळेतल्या, कचेरीतल्या, घराघरातल्या सगळ्या समंजस माणसांचा, आणि त्यांत मी होतोच. शेवटच्या काही प्रतींत 'नरडं' या शब्दावर कागद फाटला आहे. गिरजाबाईनं स्वतःसाठी त्यातलीच एक निवडून घेतली.

चार दिवसांनी देवराव आला. हातात पुस्तक, बोट त्या ओळीवर.

"हे हातानं कोनं लिवलं?"

"मी," मी म्हणालो.

"तुमचा माह्याशी काय झगडा हाय, मास्तर?"

"नव्हता. तीनशे वेळा लिहिल्यावर झाला."

तो आपांकडे वळला. आपण पेपरात काय काय सांगितलं, शेतीचं आपलं काय म्हणणं आहे, हे त्यानं सुरू केलं. आपांनी खिळे जुळवता जुळवता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं चांगलंच असन, देवराव. पन बायकोचं आलं हाय."

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावरून ते कात्रण गेलेलं होतं. देवराव सुधारला असं मी म्हणणार नाही. कात्रण गेलं, एवढंच मला माहीत आहे.

वेचणी संपल्यावर एका दुपारी गिरजाबाई आपल्या बहिणींसाठी प्रती न्यायला आली. तिच्या पुस्तकावर सात नंबर होता. तो बोटानं चाचपत तिनं विचारलं, "आपा, एक नंबर कोनाचा?"

"नाही कोनाचा."

"तुमचा असन," गिरजाबाई म्हणाली. "आमाले खुर्चीवर बसवता. तुमी कायले गठ्ठ्यावर बसता?" आणि उत्तराची वाट न पाहता ती एसटी गाठायला निघून गेली.

आपांनी हाताची शाई पुसली. मग वडिलांच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे पहिल्यांदाच पाहत होतो. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून त्या अवघडून बसल्या होत्या.

"लिवा, मास्तर," त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतलं ते असं :

'मी बारा वर्साची होती. दुकानावर पाटी लावाची होती. अब्बा म्हनले, पेंटर कायले पायजे, माह्या बिल्किसचं अक्षर मोत्यावानी हाय. मी शिडीवर चढली. कादर लिवलं. मंग अब्बानं खालून सांगतलं, आता लिव, अँड सन्स. मी लिवलं.'

त्या थांबल्या.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढं काही नाही. अब्बानं शिडी धरली होती. दोनी हातानं. मी पडू नाही म्हनून."

तेही मी लिहिलं. या वेळी काही गाळलं नाही, काही घातलं नाही. मग रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. आपा डोळे मिटून ऐकत होत्या. मिटल्या डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं, ते त्यांनी पुसलं नाही. वाचून झालं तेव्हा रोजचा प्रश्न विचारायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो मीच विचारला.

"आपा, हे तुमीच बोलल्या ना?"

त्यांनी डोळे उघडून दाराकडे पाहिलं. पाटीची मागची, कोरी बाजू आतून दिसत होती.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच."